सुन्नेरीची वाळू

१

सुगिएबाईंनी चहाचा पहिला घोट घेतला नव्हता, तोच चिनात्सु हिराओका संशोधकांच्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. अंगात प्रयोगशाळेतला जाड कोट, पायांत तिथल्याच सपाता, आणि चेहरा असा की बाईंनी कप खाली ठेवला. पोलीस खात्यात सारी हयात गेलेली. असा चेहरा घरफोडी झालेल्या घराच्या उंबऱ्यात दिसतो हे त्यांना ठाऊक होतं.

"ताई, गाभा गेला."

"गेला म्हणजे? फुटला?"

"नाहीच आहे. फळी रिकामी आहे."

निवृत्त झाल्यावर नातवंडं सांभाळायची सोडून सुगिए तात्सुको विद्यापीठात दाखल झाल्या होत्या. विषय जुन्या काळातले पाण्याचे तंटे. इतिहास आणि कायदा मिळून डॉक्टरेट. खोलीतली तरुण मंडळी त्यांना 'इन्स्पेक्टरताई' म्हणून चिडवायची. चिनात्सु त्यांच्या शेजारच्या टेबलावर बसे. तिचा प्रबंधही असाच दोन विभागांत पाय असलेला, इतिहास आणि भूशास्त्र. त्यामुळे इतिहासवाले तिला 'चिखलवाली' म्हणत आणि भूशास्त्रवाले 'बखरवाली'.

गाभा म्हणजे हातभर लांबीची चिखलाची कांडी. किनाऱ्यावरच्या कुमाउरा गावात, एका भातशेतात लोखंडी नळी ठोकून काढलेली आणि उभी चिरलेली. तिचा एक भाग तपासण्यांत संपला होता. उरलेला अर्धा, पन्हळीसारख्या प्लास्टिकात, ओल्या फडक्यात गुंडाळून भूशास्त्राच्या शीतखोलीत ठेवलेला असे. त्या काळ्या चिखलाच्या मधोमध वाळूचा एक थर होता, दोन बोटं जाडीचा. त्या किनाऱ्याच्या जुन्या बखरीत लिहिलेली समुद्राची प्रचंड लाट खरोखरच त्या शेतापर्यंत, म्हणजे आज जिथे गावची शाळा आहे त्याच्याही आतपर्यंत आली होती, असं तो थर सांगत होता. निदान चिनात्सुचा प्रबंध तरी तसं सांगत होता. तिच्या मधल्या अहवालावरून गावानं शाळा टेकडीवर न्यायचं मनावर घेतलं होतं.

मौखिक परीक्षा शुक्रवारी होती आणि आज मंगळवार. परीक्षकांसमोर तो गाभा मांडायचा होता. मार्चअखेर तिची प्रबंधाची मुदतच संपत होती.

"पोलिसांत कळवूया," सुगिएबाई म्हणाल्या.

"नको ताई! गावात बोंब होईल. आधीच निम्मा गाव म्हणतोय की पोरीनं थापा मारल्या." चिनात्सुनं डोळे पुसले. "जिन्यात कानबारा सर भेटले, त्यांना सांगितलं. ते म्हणाले, रडू नकोस, परीक्षा पुढे ढकलायचं मी डीनशी बोलतो. विद्यार्थ्याचा दोष नसताना काही घडलं तर वर्षभराची मुदतवाढ मिळते म्हणे."

"सर लगेच म्हणाले असं?"

"लगेच. फार चांगले आहेत हो ते."

"आहेतच," सुगिएबाई म्हणाल्या आणि उठल्या.

शीतखोलीच्या दाराला आकड्यांचं कुलूप होतं. ते आकडे चिनात्सुला, तिच्या दोन्ही मार्गदर्शकांना, म्हणजे इतिहासाच्या कानबारा सरांना नि भूशास्त्राच्या इवाकिरी मॅडमना, आणि गाभा काढायला मदत केलेल्या तिच्या सहाध्यायी त्सुकुदाला माहीत होते. कुलूप शाबूत होतं. बाई रिकाम्या फळीकडे बघत राहिल्या, मग शेजारचं शीतकपाट उघडून म्हणाल्या, "यात काय असतं?"

"बर्फाच्या पिशव्या. बाहेरगावी नमुने आणताना लागतात." चिनात्सु वाकली. "अरेच्चा. वरचा कप्पा मोकळा कसा?"

"आणि ओलं फडकं?"

"तेही नाही. गुंडाळलेलंच नेलंय."

सुगिएबाईंनी कपाट हलकेच लावलं.

"नासवायचा असता तर नळाखाली धरला की काम झालं असतं. पोरी, तुझा चोर तुझ्या गाभ्याला जिवापाड जपतोय."

२

भूशास्त्राच्या इवाकिरी मॅडमच्या खोलीत बसायला जागा नव्हती. खुर्च्यांवर दगड होते. मॅडमनी एक दगड उचलून दुसऱ्यावर ठेवला आणि म्हणाल्या, "मला माहितीये तुम्ही का आलात. गेल्या आठवड्यात मी तिच्यावर ओरडले, ते सगळ्या मजल्यानं ऐकलं."

"कशावरून ओरडलात?"

"मला त्या गाभ्याचे पातळ काप काढायचे होते. थराचा तळ बघायचा होता मला, तळ! ती म्हणते, शेवटचा तुकडा आहे, परीक्षकांना अख्खा दाखवायचाय. दाखवायचाय म्हणे! काय लग्नातला रुखवत आहे तो?"

"तळ बघून काय कळलं असतं?"

"वाळू कशी आली ते. त्यात समुद्रातले सूक्ष्म जीव सापडलेत, म्हणजे वाळू समुद्राची आहे एवढं नक्की. पण थराच्या वरच्या अंगाला भाताच्या मुळांनी सगळा काला केलाय. तिचं काळाचं गणित बरोबर आहे, बखर बरोबर आहे, पोरगी हुशार आहे. पण तळ बघितल्याशिवाय मी छातीवर हात ठेवून सांगणार नाही." मॅडमनी चष्मा काढला. "मी चोरला असता ना, तर आत्तापर्यंत कापून सूक्ष्मदर्शकाखाली घातला असता. शोधा जाऊन माझी प्रयोगशाळा."

सुगिएबाईंनी शोधली नाही. ही बाई चोरी करून गप्प बसणारी नव्हती.

त्सुकुदा वाहनतळावर सापडला. तोक्योचा पोरगा, मासेमारीचा नाद. गाडीच्या मागच्या भागात शीतपेटी होती, आणि बाईंची नजर तिच्यावर गेलेली बघून त्याचे कान लाल झाले.

"ताई, उघडून बघा. कालचा एक मासा आहे, तोही माझ्यासारखा बारका."

बाईंनी उघडून पाहिली. मासा खरंच बारका होता, आणि हातभर पन्हळ त्या पेटीत आडवीतिडवी कशीही मावली नसती.

"तुझं नि चिनात्सुचं बिनसलंय का?"

"मला नोकरी लागत नाही, तिला लागेल. पोटात दुखतं थोडं." तो प्रामाणिकपणे म्हणाला. "पण त्या शेतात माझेही बूट रुतलेत. तो गाभा थोडा माझाही आहे की. तुम्ही त्या ओकागेकाकांना का विचारत नाही? शेत त्यांचं. काल दुपारी पपनसांची पेटी घेऊन आले होते इथे. एवढी मोठी पेटी! आणि शाळा टेकडीवर न्यायला गावात सगळ्यात मोठा विरोध त्यांचाच आहे."

उद्या सकाळी आपल्याला कुमाउराला घेऊन जायचं, असं त्याला बजावून बाई इतिहास विभागात परतल्या. कानबारा सरांच्या दारावर टकटक केलं.

सर येत्या वसंतात निवृत्त होणार होते. गावोगाव हिंडून जुन्या शेतांची, ओढ्यांची, वळणांची नावं गोळा करण्यात त्यांचं आयुष्य गेलं. चिनात्सु त्यांची शेवटची विद्यार्थिनी. बखरीतल्या लाटेचा माग मातीत काढायची कल्पना त्यांचीच, आणि कुमाउरातलं ते शेतही त्यांनीच सुचवलेलं.

"या सुगिएबाई, या. चहा घ्या. पपनस घ्या, ओकागेंनी आणलीत." सरांनी स्वतः साल काढायला घेतली. डोळ्यांखाली काळं आलं होतं. "डीनशी बोललोय मी. मुदतवाढ मिळेल बहुतेक. पोरीला एक वर्ष मिळालं की ती दुसरे गाभे काढेल. दुसऱ्या शेतांतले. आणखी भक्कम काम होईल."

"तुम्ही अलीकडे गेला होतात का कुमाउराला?"

"उन्हाळ्यानंतर नाही." सरांनी फोड पुढे केली. "गोड आहे ना?"

फोड गोड होती. बाई ती खात टेबलाकडे बघत होत्या. तिथे किनाऱ्याचा एक जुना, हातानं रंगवलेला नकाशा अंथरला होता. चार कोपऱ्यांवर चहाचे पेले, त्यातला एक ओला. वर्गात कोणी पेनसुद्धा नकाशाजवळ नेलं तर हे सर किंचाळत असत.

"नकाशा उघडाच ठेवलाय सर?"

"हं? हो... वाचत होतो जरा."

बाईंनी खोलीभर नजर फिरवली. तो नकाशा ठेवायची लांब, गोल लाकडी पेटी दाराशी छत्र्यांशेजारी उभी असायची. आज तिथे नुसत्या छत्र्या होत्या.

३

ओकागेकाका बांधावर बसून पपनसं पुसत होते. सत्तरीचे, काटक, तोंड सतत चालू.

"या पोलीसबाई, या! चोर म्हणून धरायला आलात ना मला? त्सुकुदा, लेका, तूच नाव सांगितलं असशील."

"मी कशाला सांगू काका," त्सुकुदा जमिनीकडे बघत म्हणाला.

"सांगितलंस तर सांगितलंस. हे बघा बाई, शाळा टेकडीवर न्यायला माझा विरोध आहे आणि तो मी भर सभेत माईकवरून बोललोय. माझी नात पहिलीत. पावसापाण्यात एवढा चढ चढायचा पोरींनी? आणि कशासाठी, तर कुण्या काळी लाट आली होती म्हणून. पण म्हणून मी चिखल चोरीन? माझ्याच शेतातला? हवा असेल तर अख्खं शेत आहे की समोर!"

सुगिएबाईंना हसू आलं. "मग पपनसं घेऊन का गेलात?"

"परीक्षा आहे ना पोरीची. भांडण शाळेवरून आहे, पोरीशी थोडंच आहे? तीन वर्षं या बांधावर जेवलीये ती. माझ्या बायकोनं तिला लोणचं घालायला शिकवलंय."

"तिचा गाभा याच शेतातला?"

"हेच. सुन्नेरी."

"काय म्हणालात?"

"सुन्नेरी. शेताचं नाव हो. आमचा आजा म्हणायचा, आम्ही म्हणतो. कागदावर नुसता नंबर आहे."

"म्हणजे काय त्याचा अर्थ?"

"मला काय ठाऊक? तुमच्या नावाचा अर्थ तुम्हाला ठाऊक असतो का?" काकांनी पपनस पेटीत टाकलं. "तुमच्या सरांनी पण अस्संच विचारलं. म्हटलं, सर, नाव आहे ते, अर्थ कशाला लागतो! तर तोंड एवढंसं झालं त्यांचं. बायकोनं जेवायला थांबा म्हटलं तर थांबले नाहीत, पपनस दिलं तर बांधावरच विसरून गेले. म्हणूनच पेटी घेऊन गेलो मी सोमवारी. म्हटलं, बरं नव्हतं की काय."

सुगिएबाईंनी हातातली पिशवी खाली ठेवली.

"सर कधी आले होते काका?"

"नुकतेच की. रविवारी."

४

विद्यापीठात परत पोचल्यावर बाई सरळ वर गेल्या, कानबारा सरांच्या खोलीचं दार लोटलं, आणि आत जाऊन ते लावून घेतलं. नकाशा अजून पेल्यांखाली तसाच होता.

"सर, गाभा तुमच्या घरी आहे ना? फ्रीजमध्ये?"

सरांनी हातातलं पुस्तक मिटलं. नाही म्हणायचा प्रयत्नसुद्धा केला नाही.

"भाजीच्या कप्प्यात," ते म्हणाले. "रोज फडकं ओलं करतो. कसं ओळखलंत?"

"इथून लांब, नाजूक वस्तू न्यायची तर नकाशाच्या पेटीइतकी सोयीची दुसरी काय आहे? तुमच्या खांद्यावर ती बघून कोणी मान वर करून बघितलं नसतं. पण पेटी रिकामी करायची म्हणून तुम्ही नकाशा उघड्यावर टाकलात. त्यावर पेले ठेवलेत, सर! तुमच्यासारख्या माणसाचं मन थाऱ्यावर नसल्याशिवाय हे होत नाही. मग बर्फाच्या पिशव्या. इवाकिरी मॅडमनी नेला असता तर कापला असता. ओकागेकाकांनी नेला असता तर ओढ्यात टाकला असता. या चोराला त्याचं काहीच करायचं नव्हतं, नुसता सांभाळायचा होता. मी विचार केला, या चोरीनं नेमकं काय घडलं? परीक्षा लांबली, एवढंच. आणि लांबवायचं पहिलं नाव कोणाच्या तोंडी आलं, तर तुमच्या. जिन्यात, तिचे डोळे पुसायच्या आधी."

सर खिडकीकडे बघत होते.

"फक्त का, ते कळत नव्हतं," बाई म्हणाल्या. "ते सुन्नेरीनं सांगितलं. उन्हाळ्यानंतर कुमाउराला गेलो नाही म्हणालात. गेला होतात."

"निवृत्तीच्या आधी एकदा सगळ्यांचा निरोप घ्यावा म्हणून गेलो." सरांचा आवाज खोल गेला. "बोलता बोलता ओकागे ते नाव बोलले. सुना, म्हणजे वाळू. आणि इरे, घातलेली. सुना-इरे. बोलीत सुन्नेरी. वाळू घातलेलं शेत! या किनाऱ्यावर चिकट जमीन मोकळी व्हावी म्हणून लोक समुद्रावरून वाळू वाहून आणून टाकायचे, हे मीच पुस्तकात लिहिलंय. पायाखालची वाळू सरकली म्हणतात ना, अगदी तसं झालं. तो थर लाटेचा नाहीच. कुणा शेतकऱ्यानं टोपल्यांनी आणून ओतलेला. आणि ते शेत तिला दाखवलं मी. आयुष्यभर पोरांना सांगत आलो, आधी शेताचं नाव विचारा. तिथे मात्र बखर हातात होती, उत्साह होता, विचारायचं राहून गेलं."

"मग तिला सांगायचं."

"परीक्षेच्या तोंडावर? तिनं त्याच दिवशी प्रबंध मागे घेतला असता. मार्चमध्ये मुदत संपली असती. सगळी वर्षं पाण्यात. चूक माझी, आणि शिक्षा तिला? चोरी झाली तर नियमानं तिला वर्ष मिळतं. त्या वर्षात मी तिला हळूहळू दुसऱ्या शेतांकडे वळवलं असतं."

सुगिएबाईंना या माणसाचा राग येत नव्हता, हीच पंचाईत होती. त्यांनी खुर्ची ओढली.

"आणि शाळा, सर? त्या अहवालावर गावातले लोक भांडताहेत. लाट आली नसेल तर पोरींना उगाच चढ. आली असेल आणि तुमच्या गप्प बसण्यामुळे कोणी म्हणालं की पुरावाच चोरीला गेला, राहू द्या शाळा खाली, तर?"

सरांनी कपाळ तळहातांत धरलं. हे त्यांच्या मनात आलं नव्हतं असं नाही, ते दिसतच होतं.

"आणखी एक," बाई म्हणाल्या. "मी जुने तंटे वाचते. सारामाफीचे अर्ज. त्यात एक शब्द सारखा येतो. पुरानं, समुद्रानं नासलेल्या जमिनीला म्हणायचे सुना-इरी. वाळू शिरलेली. आपणहून शिरलेली. तेही बोलीत सुन्नेरीच होणार, नाही का?"

कानबारा सरांनी हळूच मान वर केली.

"इरी," ते म्हणाले. "इरी. अहो, हे मला... मी तिकडे बघितलंच नाही."

"घातलेली की शिरलेली, ते नाव सांगणार नाही. माती सांगेल. आणि माती तुमच्या भाजीच्या कप्प्यात आहे." बाई उठल्या. "चिनात्सुला तुम्ही सांगायचं. मी नाही."

५

इवाकिरी मॅडमच्या प्रयोगशाळेत त्या संध्याकाळी लाकडी पेटी टेबलावर आडवी होती. त्सुकुदा भिंतीला टेकून उभा होता, आपण इथे असावं की नसावं हे न कळून. सरांनी सगळं उभ्यानंच सांगितलं.

चिनात्सुनं पेटी उघडली, फडकं सोडलं, चिखलाला बोट लावून बघितलं. ओला होता.

"तुम्हाला वाटलं, मला झेपणार नाही," ती म्हणाली.

"तसं नाही गं..."

"तसंच आहे, सर. काल दिवसभर मी ज्याला त्याला चोर समजत होते. त्सुकुदाच्या बॅगेत मी चोरून बघितलं. मॅडमच्या मागे शीतखोलीपर्यंत गेले. ओकागेकाकूंचा फोन आला तर उचलला नाही. फक्त तुमच्यावर संशय घेतला नाही. शंका आली होती तर दार ठोठावायचं होतंत माझं. रात्रभर भांडलो असतो आपण त्या नावावरून. तेच तर शिकवलंत ना मला?"

सरांनी खोल वाकून नमस्कार केला, आणि तसेच वाकलेले राहिले. ते बघवेना म्हणून सुगिएबाईंनी नजर वळवली. शेवटी इवाकिरी मॅडमच खेकसल्या, "उठा हो आता! पाठ धरेल."

चिनात्सुनं नाक ओढलं. पन्हळ उचलून मॅडमसमोर ठेवली.

"कापा, मॅडम."

"शेवटचा तुकडा आहे म्हणत होतीस."

"कापा."

दुसऱ्या दिवशी दुपारी मॅडमनी सगळ्यांना सूक्ष्मदर्शकापाशी बोलावलं. थराच्या तळाशी, वाळूच्या दाण्यांत, काळ्या चिखलाची फाटकी ढेकळं अडकलेली होती.

"टोपलीनं वाळू ओतली तर ती खालच्या चिखलावर नुसती बसते," मॅडम म्हणाल्या. "इथे खालचा चिखल ओरबाडून वाळूत घेतलाय. हे जोरात आलेल्या पाण्याचं काम वाटतं." चिनात्सुचा चेहरा उजळलेला बघून त्यांनी बोट उगारलं. "वाटतं, म्हणतेय. आहे, नाही म्हणत. एका गाभ्यावर नाही."

शुक्रवारी चिनात्सु परीक्षकांसमोर उभी राहिली आणि सुरुवातच तिनं सुन्नेरीपासून केली. शेताचं नाव, त्याचे दोन अर्थ, आपल्या प्रबंधातलं भोक, आणि काल सापडलेली ढेकळं. मागच्या बाकावरून सुगिएबाई ऐकत होत्या. परीक्षकांतले सर्वांत वयस्कर गृहस्थ, जे कोणाचं कधी कौतुक करत नसत, त्यांनी तीनदा प्रश्न विचारला आणि तीनदा मान हलवली. पास केलं नाही. नापासही केलं नाही. आणखी ठिकाणचे गाभे काढा आणि पुन्हा या, असं सांगितलं.

त्याआधीच कानबारा सर डीनच्या खोलीत जाऊन सगळं सांगून आले होते. निवृत्तीचा निरोपसमारंभ रद्द झाला. पुढे सन्मान्य प्राध्यापक म्हणून राहायचं होतं, तेही गेलं. चिनात्सुला मुदतवाढ मिळाली. तिच्या चुकीनं घडलं नव्हतं, ही गोष्ट शेवटी खरीच होती.

गावाला खरं काय ते कळवायला मात्र ती स्वतः गेली. सभेत उभं राहून तिनं सांगितलं, अजून नक्की नाही, पण खोटंही ठरलेलं नाही, शाळेचा निर्णय थांबवा, रद्द करू नका. लोक बोलायचं ते बोलले. ओकागेकाका माईकवर आले, आणि सगळ्यांना वाटलं आता हे तिला सोलून काढणार. ते म्हणाले, "मला आजही शाळा खालीच हवीये. पण पोरगी आपली चूक आपणहून सांगायला आलीये, तिला आधी बसायला खुर्ची द्या."

६

नवे गाभे काढायला एप्रिल उजाडला. चिनात्सुनं जागा विचार करून निवडली होती. सुन्नेरीच्याही आत, डोंगराच्या पायथ्याशी बोरूची दलदल होती. तिथे कोणी कधी पेरलं नव्हतं, पेरण्यासारखं काही नव्हतंच. बैल रुतले असते.

"इथे वाळू आणून टाकायला कोण खुळा येईल?" ओकागेकाका कडेला उकिडवे बसून म्हणाले. "मी नाही आलो, माझा आजा नाही आला."

सुगिएबाई रबरी बूट घालून आल्या होत्या, मदतीपेक्षा बघायलाच. इवाकिरी मॅडम नळी धरून त्सुकुदावर ओरडत होत्या. इतक्यात रस्त्याला एक टॅक्सी थांबली आणि कानबारा सर उतरले. पायांत शहरी बूट. त्यांना कोणी बोलावलं होतं हे बाईंना कळेना. मग चिनात्सुकडे बघितल्यावर कळलं.

सर दलदलीच्या कडेला थांबले.

"मी... कुठे उभा राहू?"

"चिखलात," चिनात्सु म्हणाली, आणि लांब दांड्याचा हातोडा त्यांच्या हातात दिला. "मारा."

सरांनी मारला. पहिला घाव नळीवर बसलाच नाही. दुसरा बसला. बुटांत पाणी गेलं, पँट मांडीपर्यंत भरली, त्सुकुदा हसू दाबत मागे सरकला. नळी हळूहळू आत जात राहिली. मग सगळ्यांनी मिळून ती ओढून काढली, फळीवर आडवी केली, आणि मॅडमनी तारेनं गाभा उभा चिरला.

वरती काळा चिखल, बोरूच्या मुळ्या. खाली पुन्हा काळा चिखल. त्यांच्या मधे, करंगळीएवढी, फिकट पिवळी रेघ. खाली जाड दाणे, वर बारीक होत गेलेले, आणि तळाशी ओरबाडलेली काळी ढेकळं. मॅडम खूप वेळ वाकून बघत राहिल्या. मग कोणालाच न उद्देशून म्हणाल्या, "आहे."

त्सुकुदानं दोन्ही हात वर करून आरोळी ठोकली. ओकागेकाका उठले, त्या रेघेकडे बघितलं, मग वळून दूर खाली दिसणाऱ्या शाळेच्या छपराकडे बघत राहिले.

कानबारा सर फळीशी गुडघ्यांवर बसले होते. चष्म्याच्या दोन्ही काचा चिखलानं बरबटल्या होत्या, आणि हातही तसेच, त्यामुळे पुसायचं कशानं ते त्यांना सुचत नव्हतं.

चिनात्सु त्यांच्यासमोर बसली. त्यांच्या डोळ्यांवरचा चष्मा तिनं काढून घेतला, कोटाच्या आतल्या सदऱ्याचं टोक ओढून एकेक काच सावकाश पुसली, उजेडाकडे धरून बघितली, आणि चष्मा परत त्यांच्या कानांवर नीट बसवला.

"आता बघा, सर."